अर्ध्या जात्याची मजुरी

खिंड उतरून आलो तेव्हा
पहिल्याच बुरुजातून मुर्झाकान ओरडला,
"इथे कुणी राहत नाही!"
त्याच्या डोक्यामागून चुलीचा धूर निघत होता.

काकेशसच्या घळीतलं गाव.
सतरा दगडी बुरूज, दोन घराणी, ओढा एक,
ओढ्यावर एक पाणचक्की.
चक्कीला दारं मात्र दोन.
आज अलीकडच्यांचं दळण, उद्या पलीकडच्यांचं,
आणि मधल्या रात्री जातं धुऊन काढायचं,
वैऱ्याच्या पिठाचा कण
आपल्या भाकरीत येऊ नये म्हणून.

भांडण बैलावरून, म्हणाले.
नाही, कुंपणावरून.
नाही, लग्नात कुणीतरी हसलं होतं.
मेलेले मात्र दोन्हीकडे तोंडपाठ,
इकडचे चार, तिकडचे पाच.
तो एक जो उरतो
तो सगळ्यांच्या उशाशी जागा असतो.

मी सखल मुलखातला, जात्यांना टाकी लावणारा.
छिन्नी, हातोडी, कातड्याची पिशवी.
इथलं जातं पार गुळगुळीत,
दाणे न फुटताच गरगरून बाहेर यायचे.
बेक्सिल म्हणाला, "आमच्या अर्ध्याला लाव."
मी म्हटलं, बाबा, अर्ध्या जात्याला टाकी लागत नाही.
"मजुरी अर्ध्याचीच."
लावली सगळ्याला. घेतले अर्ध्याचे.
तिसऱ्या रात्री पलीकडच्या दारात
चीजचा एक गोळा, वर लोकरीचे मोजे.
उरलेलं अर्धं चुकतं झालं होतं.
माझ्यासाठी नव्हे,
वैऱ्याचं देणं अंगावर नको म्हणून.

तोवर बर्फानं खिंड बुजवली.
दगडाची भुकटी छातीत बसली, ताप चढला.
कुणाच्याच घरात नेता येईना मला,
एकाचा पाहुणा तो दुसऱ्याचा वैरी.
मग चक्कीतच अंथरूण घातलं.
दळणाच्या पाळीनं पेज यायची,
आज या दारातून, उद्या त्या.
नाव कुणी विचारलं नाही.
"खालचा जगला का रात्री?" एवढंच.

रविवारी चक्की बंद. रविवारी कुणाचीच पाळी नाही.

त्या रविवारी नार्गिझा आली,
दोन्ही दारं सोडून, पाटाच्या वाटेनं,
गुडघ्यापर्यंत ओली.
"रविवार माझा," म्हणाली.
तो उरलेला पाचवा, तिचा मुलगा.
भाकरी मोडून दिली, मी खाईपर्यंत बघत बसली,
मग जात्याकडे बोट केलं.
"तळीवर, आतून, त्याचं नाव घाल.
टाकीच्या रेघांत मिसळून जाईल असं."
"झिजेल ना, आई."
"मग?"

हात थरथरत होते. दोन दिवस लागले.
गिवर्गिल.
आमची अक्षरं मुळातच गोल, दाण्यांसारखी.
कोरून वरची पाळ बसवली, पाणी सोडलं.

त्या हिवाळ्यात दोन्ही काठांनी ते नाव खाल्लं,
भाजून, मीठ लावून, पोरांच्या हातात गरम गरम.
वैर मिटलं वगैरे काही नाही.
बर्फ वितळताना पुन्हा एक गोळी सुटली,
चुकली. की चुकवली,
ते झाडणाऱ्याला ठाऊक.

खिंड उघडली, मी पिशवी भरली.
नार्गिझा चौथऱ्यावर बसून वाटाणे सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
"पुढच्या टाकीला अक्षरं कुठली नि रेघ कुठली,
कोण ओळखणार?"
मी हातोडी परत खुंटीला अडकवली.

याला तीन वर्षं झाली.
नाव आता बोटाला लागत नाही, तिच्याही.
पुन्हा कोरू का विचारलं, तर म्हणाली, राहू दे.
मधल्या रात्री जातं धुवायचं
कधी कधी राहून जातं. कुणी बोलत नाही.
मी तर मुळीच नाही.

काल एक जण आला खिंडीतून,
रस्ता मोजायला, खांद्यावर तिपाई.
कुत्री भुंकली. भुवयांवरचं पीठ पुसत
मी दारात आलो
(कुठल्या, ते सांगत नाही)
आणि ओरडलो,
"इथे कुणी राहत नाही!"